डबीतली शीर: कंडरेच्या पेशी वाढवताना झालेली फजिती

निवांत_नदी | रविवार, सकाळी ९:४०

भिशीत एका मावशींनी विचारलं, "तुझी पीएचडी नक्की कशावर गं?" कंडरा म्हटल्यावर चेहरा कोराच. मग त्यांचाच हात त्यांच्या टाचेमागे लावला आणि म्हटलं, ही जाड दोरी लागतेय ना, स्नायूला हाडाशी बांधणारी, ती. "हात्तिच्या, शीर म्हण की!"

तर मंडळी, गेली चार वर्षं मी शिरा डबीत जिवंत ठेवायच्या खटपटीत आहे, आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष चक्क पाण्यात गेलं. लॅबमधल्या नव्या मुलांना ती कहाणी तोंडी सांगून कंटाळले, म्हणून इथे लिहून ठेवते. पुढच्या वेळी नुसती लिंक देईन.

सुरुवात सोपी असते. गुडघ्यातला एसीएल (सांधा जागेवर धरणारा पट्टा) तुटला की सर्जन बहुतेकदा मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची कंडरा काढून त्याच्या जागी बसवतात. ती मापात कापल्यावर जो तुकडा उरतो तो एरवी कचऱ्यात जातो. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची लेखी संमती असली की तो आपल्याला मिळतो. थंड बफरमधून आणायचा, वरचं सैल आवरण आणि चिकटलेलं मांस नीट खरवडायचं, ब्लेडने बारीक तुकडे करायचे. मग कोलॅजनेज आणि डिस्पेज या ऊती सैल करणाऱ्या एन्झाइमच्या मिश्रणात ३७ अंशांना तासभर हलवत ठेवायचं, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, आणि तळाशी बसलेला जेमतेम दिसणारा पांढरा ठिपका फ्लास्कमध्ये सोडायचा. ठिपका एवढासाच असतो, कारण कंडरा म्हणजे मुख्यतः कोलॅजन, दोरीसारखं पिळाचं प्रथिन. पाणी काढून टाकलं तर उरलेल्या वजनात ६० ते ८५ टक्के तेच. पेशी थोड्याच, तंतूंच्या फटींत एकामागे एक रांगेत चेपून बसलेल्या, चवळीच्या शेंगेतल्या दाण्यांसारख्या. पहिले दोन दिवस फ्लास्क रिकामाच वाटतो आणि माणूस हबकतो. मग त्या चिकटतात, पसरतात, भराभर वाढतात.

मी तिथेच फसले. फ्लास्क भरला की ट्रिप्सिनने पेशी सोडवायच्या, एकाचे तीन फ्लास्क करायचे, पुन्हा भरू द्यायचे. अशा एकेका फेरीला पॅसेज म्हणतात. माझा सगळा डेटा सहाव्या-सातव्या पॅसेजचा. एका मीटिंगमध्ये दुसऱ्या लॅबच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "या टेनोसाइट आहेत कशावरून?"

टेनोसाइट म्हणजे कंडरेच्या पेशी. मी म्हटलं, कंडरेतून काढल्यात म्हणून. त्या नुसत्या हसल्या.

परत येऊन स्क्लेरॅक्सिस तपासलं. २००१ साली कोंबडी आणि उंदराच्या गर्भात कंडरेच्या पेशींची खूण म्हणून जे जनुक ओळखलं गेलं, ते. पहिल्या पॅसेजमध्ये ठणठणीत होतं, सातव्यात नावापुरतं. कंडरेतल्या इतर प्रथिनांपैकी टेनोमोड्युलिन गायब, डेकोरिन उतरलेलं. टाइप १ कोलॅजनच्या तुलनेत टाइप ३ चढलेलं, जे एरवी जखम भरताना दिसतं. लांबट, सुतासारख्या पेशी डोशासारख्या पसरलेल्या. दीड वर्ष मी ज्यांना कंडरेच्या पेशी म्हणून मिरवत होते त्या कधीच्याच सर्वसाधारण फायब्रोब्लास्ट (कुठल्याही जोड-ऊतीत सापडणाऱ्या पेशी) होऊन बसल्या होत्या. माणसाच्या टेनोसाइट अशा भरकटतात हे २००६ मध्येच छापून आलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, एवढाच काय तो माझा शोध.

आता मी तिसऱ्या पॅसेजच्या पुढे जात नाही, आणि खरं तर फ्लास्कपासूनच दूर चाललेय. त्याबद्दल प्रतिसादांत लिहिते, इथे इडल्या गार होतायत.

मी_आपला_वाचक | रविवार, सकाळी ११:०५

वाचतोय. एक बाळबोध शंका. जनुकं तर तीच, माणूस तोच, मग पेशी आपण कोण ते विसरते कशी?

निवांत_नदी | रविवार, दुपारी १२:३०

बाळबोध मुळीच नाही, माझा अख्खा थीसिस याच प्रश्नावर आहे :)

शरीरात कंडरेची पेशी कधीच सैल नसते. तुम्ही झोपलेले असलात तरी थोडा ताण असतोच. पेशीच्या आत अॅक्टिनचे धागे असतात, ते बाहेरच्या कोलॅजनला धरून असतात, आणि बाहेर किती ओढ आहे ते पेशीला त्यांच्यातूनच कळतं. मिशिगनच्या आर्नोक्झ्की यांच्या गटाने उंदराच्या शेपटीतल्या कंडरेची बारीक जुडगी काढून नुसतीच मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) सोडली, खेचून धरली नाहीत. २४ तासांत पेशींनी कोलॅजन कापणाऱ्या एन्झाइमचा आरएनए बनवायला घेतला! म्हणजे दोरी सैल पडली तेव्हा राखणदारच ती कुरतडायला लागले. जुडगं स्थिर ताणात धरलं तर ते थांबतं. २००४ साली त्यांनी याच्या पुढचं दाखवलं. ताण आहे, पण औषधाने आतले अॅक्टिनचे धागेच विस्कटले, तर ताणाचा उपयोग होत नाही. पेशीला वाटतं दोरी सुटली.

फ्लास्कचा तळ सपाट, काचेसारखा टणक, ओढ कुठूनच नाही. शिवाय मीडियात घातलेलं सीरम (रक्तातला द्रव भाग) म्हणजे पेशीच्या लेखी 'जखम झालीय, वाढा' असा निरोप. ती बिचारी निरोपाप्रमाणे वागते.

बाटलीबाई | रविवार, दुपारी ३:१५

वीस वर्षं कल्चर रूममध्ये काढलीत, त्यामुळे चार शब्द. निवांत, सीरम आणि पॅसेजवर छान लिहिलंस, पण मीडियातल्या व्हिटॅमिन सीचं नाव नाही? आमच्याकडे दर वर्षी एक तरी मूल रडत येतं, "मॅडम, पेशी भरपूर पण कोलॅजनच नाही." मी विचारते, मीडियम कोणता? डीएमईएम. त्यात व्हिटॅमिन सी नसतंच! अल्फा-एमईएममध्ये असतं, लिटरला ५० मिलिग्रॅम, पण तेही ठेवून ठेवून उडून जातं. कोलॅजनमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल चढवायला ते लागतं. चढलं नाही तर तीन पदरांचा पीळ २४ अंशांच्या आसपासच सुटतो, मग ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये काय टिकणार? जहाजावरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं तो स्कर्व्ही तो हाच, फक्त फ्लास्कमधला. साधं अॅस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशांना काही तासांतच निकामी होतं, म्हणून त्याचं २-फॉस्फेट घालायचं.

दुसरं, आणि हे कंडरावाल्यांनी फ्रीजवर चिकटवून ठेवा. मायकोप्लाझ्मा या बारीक जंतूचा संसर्ग झाला की मीडियम गढूळ होत नाही, रंग बदलत नाही, पेशी फक्त मंदावतात. त्याला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यापुढे हात टेकतं. मग कोणीतरी शहाणा म्हणतो, सिप्रोफ्लॉक्सासिन घालून धुऊन काढू. इतर पेशींना खपतं. कंडरेच्या पेशींना नाही. का, ते इथले डॉक्टर सांगतील.

हाडवैद्य_२ | रविवार, रात्री ८:५०

बाटलीबाईंनी हाक मारली म्हणून आलो. सिप्रो, लेव्हो ही फ्लोरोक्विनोलोन गटाची औषधं घेणाऱ्यांत टाचेची कंडरा दुखणं, क्वचित तुटणं हे ओळखीचं आहे. अमेरिकेच्या एफडीएने २००८ साली त्यासाठी वेष्टनावर चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे, सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तर धोका जास्त. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, लघवीच्या जंतुसंसर्गावर औषध चालू, जिना चढताना टाचेमागे कोणी काठी मारल्यासारखं वाटलं म्हणून मागे वळून पाहिलं, तर मागे कोणीच नाही. कंडरा तुटल्याचं हे वर्णन आम्ही पुस्तकात वाचतो, ते शब्दशः ऐकलं. (कोणी ऐकीव माहितीवर चालू औषध बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.) डबीत हे औषध घातलं की टेनोसाइटची वाढ मंदावते आणि कोलॅजन कापणारी एन्झाइमं वाढतात, म्हणजे मायकोप्लाझ्मा जाईल पण जे मोजायचं तेच बिघडेल.

आता माझा प्रश्न. टेनिस एल्बोचे (कोपराच्या कंडरेचं दुखणं) पेशंट रोज विचारतात, "पेशी वाढवून टोचतात म्हणे, खरं का?"

निवांत_नदी | रविवार, रात्री १०:२०

@बाटलीबाई, साष्टांग. अॅस्कॉर्बेटचं राहिलंच होतं. माझ्याच लॅबमध्ये एकाने सिप्रोने धुतलेल्या पेशींवर दाहाचा अभ्यास केला होता, तो आता शांतपणे दुसरा विषय शोधतोय.

@हाडवैद्य, खरं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या गटाने गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेतून बारीकसा तुकडा काढला, पेशी वाढवल्या आणि त्याच माणसाच्या कोपरात टोचल्या. २०१३ मध्ये त्याचा पहिला अहवाल आला, वीसेक पेशंटचा, दुखणं कमी झालं असं सांगणारा. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. टेनिस एल्बो वर्षभरात आपलं आपणही बरं होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि माझी अडचण तीच जुनी. टोचतो ती पेशी कोणत्या पॅसेजची? टोचताना ती टेनोसाइट होती का?

मागवाला_काका | सोमवार, सकाळी ७:१०

मी इचलकरंजीचा. यंत्रमागात आयुष्य गेलं, पेशीतलं मला काही कळत नाही. पण तुमचं वाचून वाटलं, आमच्याकडे ताणा ढिला पडला की कापडाची वाट लागते, तसंच हे. दोन शंका. दोरी आहे तर पीळ असतो का? आणि पेशींना ताणून बघितलंय का कोणी? बीमवर लावतो तसं?

निवांत_नदी | सोमवार, सकाळी ९:००

काका, तुम्ही आमच्या जर्नल क्लबला या!

पीळ असतो. टाचेच्या कंडरेत वरून खाली येताना तंतू जवळजवळ ९० अंश फिरतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात थॉर्प आणि हेझल स्क्रीन यांच्या गटाने घोड्याच्या पायातली उड्यांचा भार झेलणारी कंडरा आणि नुसतं सांधा जागेवर ठेवणारी कंडरा ताणून पाहिली. भार झेलणारीच्या जुडग्यांना मळसूत्री पीळ सापडला, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी परत येते. तुमच्या सुताची जात आहे ती.

ताणण्याचं म्हणाल तर त्यासाठी यंत्रं आहेत. उत्तर कॅरोलिनात अल्बर्ट बेन्स यांनी १९८५ मध्ये एक बनवलं. रबरासारखा तळ असलेली प्लेट, खालून व्हॅक्यूमने तळ ओढायचा, त्यावर चिकटलेल्या पेशी त्याच्याबरोबर ताणल्या जातात. कंडरेवर काम करणाऱ्या बऱ्याच लॅबमध्ये ते किंवा त्याचं भावंड असतं. पण त्यात एक गंमत आहे, आणि मला ती कळायला सहा महिने लागले. सपाट रबरावर एका दिशेने पुन्हापुन्हा ताण दिला की पेशी ताणाच्या दिशेने लागत नाहीत. आडव्या होतात! जणू बसमध्ये दर ब्रेकला हिसका बसू नये म्हणून बाजूला वळून उभ्या राहिल्यात. कंडरेत मात्र त्या बरोबर ताणाच्या रेषेत असतात. म्हणजे यंत्र 'ताण' देतं, पण पेशीला मिळतो तो कंडरेतला ताण नव्हे. पिट्सबर्गच्या गटाने तळाला ताणाच्या दिशेने बारीक खाचा पाडल्या, तेव्हा कुठे त्या ओळीत राहिल्या.

मी आता दुसरी पद्धत वापरते, ती तुम्हाला आवडेल. सिलिकॉनचा थर दिलेल्या प्लेटमध्ये दोन खुंट्या ठोकायच्या, प्रत्येकीला शस्त्रक्रियेच्या धाग्याचा एकेक तुकडा. मधे पेशी, फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र करून ओतायचं. रक्त गोठतं तशी मिनिटाभरात जेली होते. मग पेशी स्वतःच ती जेली ओढायला लागतात. धाग्यांनी दोन्ही टोकं धरलेली, त्यामुळे जेलीला फक्त रुंदीच कमी करता येते. आठवडाभरात बशीभर जेलीची खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणलेली दोरी होते, आणि पेशी रेषेत. बाहेरून कोणी ओढलेलं नाही, ताण त्यांनीच तयार केलेला. हळूहळू त्या फायब्रिन विरघळवतात आणि जागी स्वतःचं कोलॅजन विणतात. ही मँचेस्टरच्या कार्ल कॅडलर यांच्या गटाची पद्धत. कोंबडीच्या गर्भातल्या कंडरेत पेशीच्या अंगाला बोटांसारखे उंचवटे असतात आणि त्यांतून कोलॅजनचा धागा बाहेर पडतो, हे त्यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं. फ्लास्कमध्ये ते उंचवटे दिसत नाहीत. या दोरीत दिसले. आणि २००८ मध्ये दिसलं की दोरी एका टोकाला कापून सैल केली की उंचवटे पुन्हा नाहीसे!

मागवाला_काका | सोमवार, सकाळी ९:४५

म्हणजे मागही तीच, विणकरही तीच, आणि खुंट्या तेवढ्या तुमच्या. बरं आहे.

शेपटीबहाद्दर | सोमवार, दुपारी १:३०

एवढा आटापिटा कशाला? सरळ ऊतीचा तुकडाच ठेवा. दुसऱ्या प्रयोगासाठी मारलेल्या उंदरांच्या शेपट्या फेकूनच दिल्या जातात. चिमट्याने हलकेच ओढलं की पांढरी जुडगी डझनांनी निघतात. पेशी आपापल्या जागी, कोलॅजन खरं, पीळ खरा. तुमच्या जेलीच्या दोरीची ताकद खऱ्या कंडरेच्या पासंगालाही पुरत नाही. (अवांतर: जगभरच्या लॅबमधलं 'कोलॅजन जेल' बहुतेकदा याच शेपट्या अॅसेटिक आम्लात विरघळवून केलेलं असतं.)

निवांत_नदी | सोमवार, दुपारी ४:१०

ताकदीबद्दल मान्य, वादच नाही. पण शेपटीत तीन अडचणी. शेपटीवर उंदीर धावत नाही, त्यामुळे ती टाचेची कंडरा समजून निष्कर्ष काढणं धाडसाचं. जनुक बदलून बघायचं तर घट्ट कोलॅजनच्या आत पोचणं जिकिरीचं. आणि तिसरी, नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये तुमचं जुडगंही बिघडतं. झुरिकच्या गटाने सैल जुडगी ३७ अंश, हवेइतका ऑक्सिजन आणि सीरम अशा नेहमीच्या थाटात ठेवली, ती खराब होत गेली. २९ अंश, ३ टक्के ऑक्सिजन आणि सीरम नाही, असं ठेवल्यावर टिकली. तुझी कोणत्या तापमानाला आहेत?

शेपटीबहाद्दर | सोमवार, दुपारी ४:३५

३७. गप्प बसतो :(

घोडेवैद्य | सोमवार, रात्री ९:२५

तापमानाचा विषय निघालाच आहे तर. शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायातली बोटं वाकवणारी वरची कंडरा सुजून धनुष्यासारखी फुगते, तिला आम्ही 'बो' झाली म्हणतो, तेव्हा मालकाचा चेहरा बघवत नाही. १९९४ मध्ये दौडणाऱ्या घोड्याच्या याच कंडरेच्या गाभ्यात तापमान मोजलं होतं, ४५ अंशांपर्यंत गेलं. ताणून सैल होताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते आणि गाभ्यात ती वाहून न्यायला रक्त फारसं नाही. पूर्ण वेगात ही कंडरा १६ टक्क्यांपर्यंत लांबते असंही मोजलंय. तेव्हा तुमच्या डबीतले २९ अंश आणि माझ्या घोड्याचे ४५, यांत 'खरं' तापमान कोणतं?

निवांत_नदी | सोमवार, रात्री १०:४०

कोणती कंडरा आणि काय करताना, यावर आहे ते. झोपलेल्या उंदराची शेपटी थंडच असते, म्हणून २९ तिथे विचित्र नाही. घोड्याच्या पेशींना मी २९ मध्ये ठेवणार नाही. पण ३७ हा आकडा आपण शरीराकडे बघून कमी आणि इन्क्युबेटरच्या कारखान्यातल्या सेटिंगकडे बघून जास्त निवडतो, हे मात्र कबूल.

हाडवैद्य_२ | मंगळवार, सकाळी ८:००

एक खटकतंय. डबीत आठवड्यात कोलॅजन विणलं जातं म्हणता. मग पेशंटची टाच का भरत नाही?

निवांत_नदी | मंगळवार, सकाळी १०:१५

डॉक्टर, नेमक्या जखमेवर बोट ठेवलंत. १९५५ ते १९६३ मधल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला आणि मग उतरत गेला. त्या काळात जो धागा विणला गेला त्यात तेवढा कार्बन अडकला, जणू विणल्याची तारीखच. डेन्मार्कच्या गटाने २०१३ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या टाचेच्या कंडरेचा गाभा असा वाचला. निघालं काय, तर गाभा साधारण वयाच्या पहिल्या १७ वर्षांत बनतो, नंतर जवळजवळ बदलत नाही. तुमच्या साठीच्या पेशंटच्या टाचेत त्याचं कॉलेजात जाण्याआधीचं कोलॅजन आहे. माझ्या डबीतल्या पेशी विणतात, कारण त्यांना अजून मोकळी जागा आहे, सीरम आहे, गर्भासारखी अवस्था आहे. मोठ्या माणसाच्या गाभ्यात त्या नुसत्या राखण करतात. डबीवरून टाचेबद्दल बोलताना मी आता जपून बोलते, ते यामुळेच.

खमंग_काकडी | मंगळवार, दुपारी २:५०

मग पाया सूप प्यायल्याने शिरा मजबूत होतात हे खोटं??? आजी धोंडशीर दुखली की बोकडाचे पाय शिजवायची.

बाटलीबाई | मंगळवार, दुपारी ३:०५

शिजवल्यावर कोलॅजनचा पीळ सुटून जिलेटिन होतं, पोटात त्याचे अमिनो आम्लांपर्यंत तुकडे. ते बरोबर टाचेला जाऊन बसत नाही. सूप मात्र झकास लागतं, लिंबू पिळून प्या. व्हिटॅमिन सी.

नवा_कोरा | बुधवार, सकाळी ११:२०

ताई, मी याच महिन्यात लॅब धरली आहे. गाईडनी फ्रीझरमधली पाचव्या पॅसेजची व्हायल दिलीय, त्यावरच सुरू कर म्हणाले. काय करू?

निवांत_नदी | बुधवार, दुपारी १२:००

सुरू कर, पण हात बसवायला. ट्रिप्सिन, मोजणी, गोठवणं सगळं त्यावर शिक आणि मायकोप्लाझ्माची टेस्ट आधी कर. डेटा म्हणून एकही आकडा लिहू नकोस. सोबत पहिल्या आणि पाचव्या पॅसेजचं स्क्लेरॅक्सिस शेजारी शेजारी लावून गाईडना दाखव. बोलायचं काही नाही, त्या चाचणीचं जेलच पुरेल.

नवा_कोरा | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

दाखवलं. गाईड बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ताज्या टिश्यूसाठी एथिक्सचा फॉर्म भर. एकोणीस पानं आहे!!

निवांत_नदी | शुक्रवार, रात्री ९:१०

माझा पाठवते, कॉपी-पेस्ट करू नकोस, फक्त क्रम बघ. आणि काका, आज सकाळी खुंट्यांमधली सहावी दोरी तुटली. गाठच सैल बसली होती. यंत्रमागाची गाठ कशी मारतात ते व्हिडिओ करून पाठवाल का?

मागवाला_काका | शुक्रवार, रात्री ९:३०

नातवाला सांगतो. उजेडात करू, उद्या.